"ब्रॉट फॉरवर्ड बाय टू डेज": केळीच्या एका कंटेनरचं प्रकरण

रावेर-सावदा पट्ट्यातल्या एका निर्यातदाराच्या पॅकहाऊसवर मंगळवारी सकाळी रीफर, म्हणजे माल गार ठेवणारा, कंटेनर येऊन उभा राहिला. त्यात भरायला एक फणीही तयार नव्हती. माल अजून बागेत, झाडावर. कापणीची टोळी सांगितलेली होती शुक्रवारची. ड्रायव्हर शिरपूरकडचा. केबिनमधून उतरून त्याने आळस दिला आणि विचारलं, "गाडी उभी शे भाऊ, माल कोठे शे?" ऑफिसच्या हिशेबाने ती गाडी शनिवारी यायची होती.

चार दिवसांचा हा घोळ एका इंग्रजी क्रियापदाने घातला. व्यापारी इंग्रजी शिकवणं आणि पत्रव्यवहार तपासून देणं हा माझा उद्योग असल्यामुळे मेल, व्हॉट्सॲपचे मेसेज आणि नंतरची खरमरीत उत्तरं असं सगळं माझ्या टेबलावर आलं. नावं, फर्म, गाव इथे गाळलं आहे.

आधी धंद्याचं वेळापत्रक सांगायला हवं, नाहीतर दोन दिवस इकडेतिकडे झाले तर एवढं काय बिघडलं, असं कोणालाही वाटेल. निर्यातीची केळी पिकलेली कापत नाहीत. घड 75 ते 80 टक्के भरला की हिरवाच उतरवतात. पॅकहाऊसवर फण्या वेगळ्या करायच्या, तुरटीच्या पाण्यात सोडायच्या म्हणजे चिकाचे डाग पडत नाहीत, कापलेल्या जागेवर बुरशीनाशक लावायचं, निथळू द्यायचं आणि 13 किलोच्या बॉक्समध्ये पिशवी घालून नीट बसवायच्या. मग प्रीकूलिंग. रात्रभर थंड खोलीत ठेवून फळ आतपर्यंत 13-14 अंशांवर आणायचं. त्याहून गार झालं तर साल काळपट पडते आणि पिकल्यावरही तिला पिवळा रंग चढत नाही. गरम राहिलं तर माल वाटेतच पिकायला लागतो. चाळीस फुटी रीफरमध्ये साधारण 20 टन, म्हणजे दीड हजारावर बॉक्स बसतात. एवढा एकसारखा माल एकाच बागेत मिळेल याची खात्री नसते, दोन-तीन बागा धराव्या लागतात. म्हणजे गुरुवारी गाडी भरायची तर बुधवारी पहाटे टोळी बागेत हवी, आणि टोळीला त्याच्या दोन दिवस आधी निरोप हवा. तिथून न्हावा शेवा साडेचारशे किलोमीटरच्या वर. बंदरावर कट-ऑफची वेळ ठरलेली असते. ती चुकली की कंटेनर बाहेर आणि जहाज समुद्रात.

मेल, उत्तर आणि ग्रुपवरचा मेसेज

दुबईच्या खरेदीदाराचा मेल शनिवारी दुपारी आला. कामाचा मजकूर दोनच ओळींचा होता: "ड्यू टू अ रिव्हिजन इन द व्हेसल शेड्यूल, द लोडिंग प्लॅन्ड फॉर थर्सडे हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड बाय टू डेज. काइंडली अरेंज ॲकॉर्डिंगली अँड कन्फर्म." सोबत शिपिंग लाइनच्या सुधारित बुकिंगची पीडीएफ जोडलेली होती.

ऑफिसमधल्या ताईंनी अर्ध्या तासात उत्तर पाठवलं: "नोटेड विथ थँक्स. वुई विल अरेंज ॲकॉर्डिंगली." पीडीएफ त्यांनी न उघडताच ट्रान्सपोर्टवाल्याला पाठवून दिली, कारण बुकिंगचा कागद नेहमी त्यालाच लागतो. मग पॅकहाऊसच्या ग्रुपवर मराठीत लिहिलं: "गुरुवारचं लोडिंग 2 दिवस पुढे गेलं. शनिवारी भरायचं. टोळी शुक्रवारी."

ग्रुपवर शेठ, मुकादम, पॅकिंगचा सुपरवायझर आणि ज्यांच्या बागा धरल्या होत्या ते शेतकरी असे सगळे होते. त्या शेतकऱ्यांपैकी नानांनी अंगठा दाखवला. मुकादमाने "हो ताई" लिहिलं आणि गुरुवारपर्यंत टोळी दुसऱ्या बागेत लावून टाकली. कोणी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही दिसतच नव्हतं.

मेल लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं की लोडिंग दोन दिवस अलीकडे घेतलं आहे, गुरुवारऐवजी मंगळवारी भरा. जहाज लवकर लागणार होतं.

गंमत अशी, की या साखळीत एकच माणूस बरोबर होता, ट्रान्सपोर्टवाला. त्याने मेलचं इंग्रजी वाचलंच नाही. पीडीएफ उघडली, कट-ऑफची तारीख आणि वेळ बघितली, बुधवार रात्र, आणि त्या हिशेबाने मंगळवारी सकाळी गाडी लावली. पॅकहाऊसला फोन करून विचारण्याची त्याला गरज वाटली नाही. त्याच्या लेखी सगळं ठरलेलंच होतं.

फॉरवर्ड म्हणजे पुढे, पुढे म्हणजे नंतर

प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा शेठचं पहिलं वाक्य होतं, "सर, पोरीला इंग्रजी येत नाही." ते मला पटलं नाही. ताई बी.कॉम. आहेत, एलसीचे, म्हणजे बँकेच्या पतपत्राचे, कागद हाताळतात, कस्टम्स एजंटाशी त्यांचा रोजचा पत्रव्यवहार असतो. आणि शेठनी स्वतः तो मेल मोबाईलवर वाचला होता, त्यांनाही तो शनिवारच वाटला होता. दोन वेगवेगळी माणसं तीच ओळ वाचून त्याच चुकीच्या वारापर्यंत पोचतात, तेव्हा कमी शिक्षणाचं कारण पुरत नाही.

शेठचा रस्ता सरळ होता. फॉरवर्ड म्हणजे पुढे. आणि तारखेच्या बाबतीत मराठीत पुढे म्हणजे नंतर. परीक्षा पुढे ढकलली, निवडणुका पुढे गेल्या, कोर्टात पुढची तारीख मिळाली, वऱ्हाडाची सोय होईना म्हणून लग्न पुढे नेलं. यांतलं एकही वाक्य ऐकून कोणी "अरे वा, लवकर झालं" म्हणणार नाही. हिंदीतही तेच: तारीख आगे बढ़ा दी म्हणजे मुदत वाढली. लहानपणापासून जो शब्द लांबणीवर टाकण्यासाठी ऐकला, त्याचा इंग्रजी जोडीदार समोर आला की डोकं उलटा विचार करायला थांबत नाही. शिवाय शेठना त्या आठवड्यात मजुरांची ओढ होती, लग्नसराई होती. दोन दिवस जास्त मिळाले तर त्यांना हवेच होते. सोयीचा अर्थ लवकर पटतो.

ताईंचा रस्ता जास्त विचार करण्यासारखा आहे. त्यांनी मला सांगितलं, "सर, ब्रॉट फॉरवर्ड तर मी रोज लिहिते." खरंच लिहितात. हाताने लिहिलेल्या खतावणीत पानाच्या तळाशी बेरीज करून सी/एफ, म्हणजे कॅरीड फॉरवर्ड, आणि नवीन पानाच्या डोक्यावर तोच आकडा बी/एफ, म्हणजे ब्रॉट फॉरवर्ड. जुन्या मराठी किर्दीत याच जागी "पुढील पानावर" आणि "मागील पानावरून" असं लिहीत. ताईंच्या डोक्यात ब्रॉट फॉरवर्डचं चित्र होतं ते पान उलटण्याचं: काल आजवर आला, मार्च संपून एप्रिल आला, बाकी पुढे सरकली. मग गुरुवार सरकून शनिवार होणारच. त्यांनी शब्द ओळखला नाही असं म्हणता येत नाही. ओळखीचा होता, म्हणूनच शब्दकोश उघडावासा वाटला नाही.

पण मी त्यांना खतावणीचंच पान समोर घ्यायला सांगितलं, आणि अर्थाची किल्ली तिथेच सापडली. सी/एफ कुठे लिहितो? जे पान सोडून चाललो, त्याच्या तळाशी. बी/एफ कुठे लिहितो? ज्या पानावर आता आपण आहोत, त्याच्या डोक्यावर. कॅरी म्हणजे इथून तिकडे नेणं, ब्रिंग म्हणजे तिकडून इथे आणणं. रक्कम मागच्या पानावरून आपल्या पानावर आली म्हणून ब्रॉट. तारीखही तशीच येणाऱ्या दिवसांतून आपल्याकडे, आजच्या जवळ आणली म्हणून ब्रॉट. रक्कम भूतकाळातून येते, तारीख भविष्यातून येते, दोन्ही येऊन पोचतात "इथे". गुरुवार आजच्या जवळ आणला तर तो मंगळवार होईल. शनिवार करायचा तर त्याला लांब ढकलावं लागेल, आणि ढकलण्याला इंग्रजीत ब्रिंग म्हणत नाहीत.

म्हणजे या जोडशब्दात दिशा ठरते ती ब्रिंगमुळे. आपण मराठी माणसं नेमकं उलटं करतो: क्रियापदावरून नजर घसरते आणि फॉरवर्डवर थांबते, कारण मोबाईलमुळे फॉरवर्ड हा शब्द आता मराठीच झाला आहे.

वापर: बाय, टू आणि मधला "इट"

"ब्रिंग फॉरवर्ड" तारखेच्या अर्थाने येतं तेव्हा ते बहुतेक वेळा कर्मणी रूपात दिसतं, कारण तारीख कोणी बदलली हे सांगण्याची पत्र लिहिणाऱ्याला हौस नसते. "द हिअरिंग हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड." सुनावणी अलीकडे घेतली गेली आहे. कर्तरी लिहायचं तर कर्म मध्येही घालता येतं, शेवटीही: "दे ब्रॉट द मीटिंग फॉरवर्ड" किंवा "दे ब्रॉट फॉरवर्ड द मीटिंग." पण कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच बसतं. "ब्रिंग इट फॉरवर्ड" बरोबर, "ब्रिंग फॉरवर्ड इट" चूक.

त्यानंतर येणारे दोन छोटे शब्द फार महत्त्वाचे. "टू" आलं तर नवी तारीख मिळते: "ब्रॉट फॉरवर्ड टू ट्यूसडे." "बाय" आलं तर फक्त अंतर मिळतं: "ब्रॉट फॉरवर्ड बाय टू डेज." पहिल्यात वाचणाऱ्याला दिशा कळली नाही तरी चालतं, कारण वार समोर लिहिलेला आहे. दुसऱ्यात दिशा चुकली की सगळंच चुकतं, आणि दोन दिवसांची चूक चार दिवसांची होते, कारण माणूस बरोबर उलट्या बाजूला तेवढाच लांब जातो. या मेलमध्ये "बाय" होतं. "टू ट्यूसडे" असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

याच जोडशब्दाचा आणखी एक अर्थ आहे: मांडणं, समोर आणणं. "ब्रिंग फॉरवर्ड अ प्रपोजल" म्हणजे प्रस्ताव पुढे आणणं, "ब्रिंग फॉरवर्ड अ विटनेस" म्हणजे साक्षीदार पुढे आणणं. इथे मराठी "पुढे" इंग्रजी फॉरवर्डला चपखल बसतं. हाच तर सापळा आहे. एका अर्थात शब्दाला शब्द जुळला की दुसऱ्यातही जुळेल असा भरवसा वाटतो.

उलट दिशेसाठी इंग्रजीत पोस्टपोन आहे, रोजच्या बोलण्यात पुट ऑफ, पुश बॅक आणि ब्रिटिशांकडे पुट बॅक. म्हणजे आपण पुढे ढकलतो ते इंग्रज मागे ढकलतो. रद्द करायचं असेल तर कॉल ऑफ, आणि पुट ऑफ व कॉल ऑफ यांचीही आपल्याकडे अदलाबदल होते, पण तो वेगळा विषय. अमेरिकन माणूस ब्रिंग फॉरवर्डच्या जागी बऱ्याचदा मूव्ह अप म्हणतो. तारीख "वर" घेतली म्हणजे लवकर घेतली. घड्याळाची तर आणखी तऱ्हा. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं एक तास मागे करतात, त्याला "पुट द क्लॉक्स बॅक" म्हणतात. काटे आधीच्या वेळेवर जातात. पण "पुट द मीटिंग बॅक" म्हटलं की मीटिंग नंतरच्या वेळेवर जाते. ज्यांची ही मातृभाषा आहे त्यांनी याचं एकदा काहीतरी करायला हवं होतं.

आपण मात्र आपल्यापुरतं केलं आहे. प्रीपोन हा शब्द भारतीय इंग्रजीने पोस्टपोनच्या जोडीला रुळवला आणि तो आता ऑक्सफर्डच्या कोशातही आहे. त्याला हसणारे इंग्रजीचे मास्तर मी बरेच पाहिले आहेत. मी हसत नाही. "लोडिंग प्रीपोन्ड बाय टू डेज" असा मेल आला असता तर ताईंनी, शेठनी आणि मुकादमानेही तो बरोबर वाचला असता. ज्याच्याशी व्यवहार आहे त्याला एका वाचनात कळतं, ते व्यापारातलं चांगलं इंग्रजी. लंडनमधल्या माणसाला प्रीपोन लिहू नका एवढंच मी सांगतो, कारण तो अडखळू शकतो. तिथे "अर्लियर" वापरा, त्याला कोणतीच बाजू नाही.

इंग्रजांचाही गोंधळ होतो

शेठना हे सांगितल्यावर त्यांना बरं वाटलं, म्हणून इथेही सांगतो. लेरा बोरोडित्स्की आणि मायकेल रॅम्स्कार या संशोधकांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी बोलणाऱ्या लोकांना एक साधा प्रश्न विचारला होता: पुढच्या बुधवारची मीटिंग दोन दिवस "मूव्ह्ड फॉरवर्ड" झाली आहे, तर ती आता कोणत्या वारी? काही म्हणाले सोमवार, काही म्हणाले शुक्रवार. इंग्रजी सर्वांचं उत्तम. विमानतळावर हाच प्रश्न विचारला तेव्हा नुकतंच विमानातून उतरलेल्यांचा कल शुक्रवारकडे जास्त होता, आणि त्यांना घ्यायला येऊन थांबलेल्यांचा त्या मानाने कमी.

कारण काळाकडे बघायच्या दोन जागा आहेत. भुसावळ जंक्शनचं उदाहरण घ्या. तुम्ही गाडीत बसलात तर जळगाव, पाचोरा, चाळीसगाव तुमच्या पुढे आहेत आणि तुम्ही त्यांच्याकडे चालला आहात. पुढे जाणं म्हणजे लांबच्या स्टेशनाकडे जाणं. तुम्ही फलाटावर उभे असाल तर गाडी तुमच्याकडे येते आहे, आणि ती पुढे आली म्हणजे तुमच्या जवळ आली. तारखांच्या बाबतीत मराठी बोलणारा गाडीत बसतो. "ब्रिंग फॉरवर्ड" म्हणणारा फलाटावर उभा असतो. "मूव्ह फॉरवर्ड"मध्ये मूव्हला कोणतीच बाजू नसल्यामुळे इंग्रजांची फाटाफूट होते. "ब्रिंग"ने बाजू ठरवून टाकलेली असते, म्हणून कोशांत तारखेपुरता त्याचा एकच अर्थ मिळतो: ठरल्यापेक्षा आधी.

फलाटावरून बघण्याची सोय मराठीतही आहे, फक्त ती "पुढे"मध्ये नाही, "अलीकडे"मध्ये आहे. लग्नाची तारीख अलीकडे घेतली, असं आपल्या घरांत सर्रास म्हणतात. अलीकडे म्हणजे आपल्या बाजूला. "ब्रिंग"चा सगळा अर्थ त्यात आला. ताईंनी ग्रुपवर "2 दिवस अलीकडे घेतलं" लिहिलं असतं तर नानांपासून मुकादमापर्यंत कोणालाही शंका उरली नसती. आणि समजा त्यांना मेल नीट कळला असता, पण मराठीत "2 दिवस पुढे आणलं" असं शब्दशः उतरवलं असतं, तर? गाडी मंगळवारी आली असती आणि टोळी शुक्रवारीच आली असती.

मंगळवार ते पुढचा सोमवार

साडेआठ वाजता ड्रायव्हरने विचारलं आणि नऊपर्यंत सगळे एकमेकांना फोन लावत होते. शेठनी दुबईला फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, तुम्ही तर "नोटेड" लिहिलं होतं. मुकादमाची टोळी दुसऱ्याच्या बागेत, तिथून ती निम्म्यात उठवता येईना. शेवटी दुसरीकडून थोडी माणसं गोळा करून नानांच्या बागेत कापणी लावली, दुपार झाली होती. नानांनी शनिवारचा हिशेब धरून रात्रीच ड्रिप भरपूर चालवलं होतं, बागेत पाय रुतत होते. खांद्यावर घड घेऊन चिखलातून चालणारा माणूस हळूच चालतो. घड एकमेकांना घासले, सालीवर ओरखडे आले, पॅकहाऊसवर निवडीत बरीच फणी बाजूला पडली. संध्याकाळपर्यंत कंटेनरच्या निम्माही माल झाला नव्हता.

त्या रात्री प्रीकूलिंगला लावलं, बुधवारी सकाळपासून उरलेली कापणी सुरू केली. पण गणित बसतच नव्हतं. बुधवारी रात्री कट-ऑफ, वाटेत कसारा घाट, आणि गरम माल रीफरमध्ये भरून पाठवायचा नसतो. रीफरचं यंत्र गार माल गार ठेवण्यासाठी असतं, शेतातून आलेला 20 टन माल थंड करणं त्याच्या आवाक्याबाहेरचं. सुपरवायझरने हे शेठना स्पष्ट सांगितलं, ते त्याच्या पदाला शोभलं. बुधवारी दुपारी शेठनी दुबईला कळवलं की या जहाजाला माल पोचत नाही.

पुढचं जहाज आठवड्याने. अर्धा माल कापून बॉक्समध्ये, अर्धा झाडावर. झाडावरचा माल आठवडाभर थांबला तर भरून फुगणार. जास्त भरलेला घड समुद्राच्या प्रवासात पिकायची भीती, म्हणून तो निर्यातीतून बाद. नानांच्या उरलेल्या घडांची दिल्लीच्या बाजारासाठी माल भरणाऱ्या व्यापाऱ्याकडे बोली झाली, निर्यातीच्या दरापेक्षा क्विंटलमागे बऱ्याच खाली. बॉक्समधला माल कोल्ड रूममध्ये ठेवून पुढच्या सोमवारी दुसऱ्या बागांच्या मालाबरोबर गेला. कंटेनर रिकामा उभा राहिल्याचे पैसे, बुकिंग बदलल्याचे पैसे आणि टोळीची दुप्पट धावपळ हे वेगळं.

जबाबदारी

इथे दोन्ही बाजूंनी बरेच मेल झाले. दुबईचं म्हणणं: वाक्य शुद्ध आहे, कोणत्याही कोशात बघा. ते खरं आहे. शेठचं म्हणणं: तारीख लिहायला काय झालं होतं? तेही खरं आहे, आणि माझा कल इथे शेठकडे आहे. नवी तारीख पीडीएफमध्ये होती, हे दुबईचं उत्तर कायद्याने पुरेसं असेल. पण ज्याला माल कापायचा आहे तो मेल वाचतो, पीडीएफ गाडीवाला वाचतो, हे त्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं.

मला खटकलं ते वेगळंच. ताईंनी शनिवार हा वार काढला, तो ग्रुपवर ठळक लिहिला, आठ माणसांना सांगितला. फक्त ज्याने मेल पाठवला त्यालाच सांगितला नाही. त्याला गेलं "नोटेड विथ थँक्स." त्या उत्तरात एक शब्द जास्त असता, "सॅटरडे", तर दुबईहून दहा मिनिटांत फोन आला असता. "नोटेड" हा आपल्या ऑफिसांतला अतिशय नम्र आणि अतिशय निरुपयोगी शब्द आहे. काय नोंदवलं ते त्यात नसतं. "अरेंज ॲकॉर्डिंगली"ही तसंच. कशाच्या अनुसार, ते दोघांनी आपापलं धरलं आणि दोघंही समाधानी झाले.

दुसरी गोष्ट मेलच्या पहिल्या आठ शब्दांची. जहाजाचं वेळापत्रक बदललं, एवढं कारण दिलेलं होतं. जहाज उशिरा येतं तेव्हाही लोडिंग सरकतं, लवकर येतं तेव्हाही सरकतं. त्यामुळे कारणावरून दिशा कळत नव्हती. "ड्यू टू ॲन अर्लियर व्हेसल" असं लिहिलं असतं तर वाक्याच्या दोन टोकांनी एकमेकांना सांभाळलं असतं. ताईंना मी याचा दोष देत नाही, त्या ओळीत पकडायला दुसरं काही नव्हतंच.

शेवटी रिकाम्या कंटेनरचा खर्च निम्मा-निम्मा झाला. नानांच्या दरातला फरक कोणी भरायचा यावर मात्र बरीच ओढाताण झाली. दुबईने हात वर केले. शेठ म्हणाले, बाजार आहे, वर-खाली होतंच. नाना म्हणाले, "बाजार वर-खाली होतो ते मला बी समजतं शेठ, पण हा खाली तुमच्या मेलनं गेला." नानांच्या मागच्या पिढीपासून त्या घरचा माल या फर्मला जातो. शेठनी पुढच्या कापणीत थोडं वाढवून दिलं, किती ते दोघांनीही मला सांगितलं नाही.

नंतर

मी त्या ऑफिसला उत्तराचा एक नमुना करून दिला. त्यात "नोटेड" नाही. कोणतीही तारीख हलली की उत्तरात तीन गोष्टी: जुना वार-तारीख, नवा वार-तारीख आणि कापणीचा दिवस. "अवर अंडरस्टँडिंग: लोडिंग मूव्ह्ज फ्रॉम थर्सडे टू ट्यूसडे, हार्वेस्ट ऑन मंडे. प्लीज कन्फर्म." इंग्रजी म्हणून हे वाक्य काही सुंदर नाही. ग्रुपवर मराठीत "पुढे" आणि "मागे" हे दोन शब्द तारखेसाठी वापरायचे नाहीत, "अलीकडे घेतलं" किंवा "लांबलं" लिहायचं आणि वार लिहायचाच, असंही ठरलं. मुकादमाला हे फार आवडलं. त्याच्या मते तो आधीपासून हेच सांगत होता, पण ग्रुपवर तसं काही सापडलं नाही.

महिनाभराने दुबईहून आणखी एक मेल आला, "पुट बॅक बाय अ वीक." ताईंनी उत्तराच्या नमुन्यात दोन्ही तारखा भरून पाठवल्या आणि खात्री म्हणून फोनही केला. पलीकडचा माणूस मूळचा केरळचा. म्हणाला, तुमची तारीख बरोबर आहे, पण हे मेल मी लिहीत नाही, वरून ठरलेला मसुदा येतो. मागचा मेल मी लिहिला असता तर प्रीपोनच लिहिलं असतं.